दार न उघडण्याची तालीम

या माणसाविरुद्ध पत्रक काढायचं मी दोनदा ठरवलं होतं. आता ते नाहीत, आणि मी पत्रकाऐवजी हे लिहितेय.

पहिल्यांदा ठरवलं ते डिसेंबरात. संध्याकाळी पाच वाजता मी दमून घरी आले तर दाराला आतून साखळी. पत्र टाकायच्या फटीतून हाका मारल्या. आतून शांत आवाज आला की सूर्यास्त चार अठ्ठावीसला झाला, गेट बंद झालं, उशिरा येणाऱ्याने कारण सांगावं. मी सांगितलं की बस चुकली. हे कारण तिथला वनरक्षक ऐकून घेणार नाही, असं म्हणत त्यांनी साखळी काढली आणि वर आलं घालून चहाही केला. मी त्यांच्या घरातली भाडेकरू होते, भाडेकरूला घरात यायला सूर्याची परवानगी लागत नाही, हे मी त्यांना कायद्यानिशी सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजवर महिन्याभराच्या सूर्यास्ताच्या वेळा लावल्या, माझ्या सोयीसाठी.

मी हॉलंडमध्ये, वाखनिंगनच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. फुलांच्या शेतांना लागून राहणाऱ्या लोकांना आज शेतात काय फवारलं ते कोणी सांगत नाही. ते सांगितलंच पाहिजे, एवढीच आम्हा पाच-सात जणांची मागणी आहे. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर एक वाक्य असतं: माहिती लपवणं म्हणजे इजा करणं. ते वाक्य माझं आहे. त्या दिवसांत मला त्याचा फार अभिमान होता.

आर्नहेममधली त्यांची खोली बघायला गेले तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. परदेशातला मराठी घरमालक आधी आडनाव विचारतो आणि उरलेलं स्वतःच ठरवून टाकतो, हे मी तीन घरांत भोगलं होतं. तिखट उत्तर पाठ करून ठेवलं होतं. यांनी विचारलं, "गाडीत न बोलता किती तास बसू शकतेस?"

मी म्हटलं, दहा मिनिटं.

"कठीण आहे. पण शिकशील," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. आडनाव त्यांनी पुढे कधीही विचारलं नाही. मला ते 'पत्रकबाई' म्हणायचे, मी त्यांना काका.

काका सदुसष्ट वर्षांचे होते. मूळचे पुण्याचे, पंचवीस वर्षं इथल्या एका वीज कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून निवृत्त झालेले. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि हा माणूस सफारीला निघाला होता. नामिबियात, एटोशा नावाच्या राष्ट्रीय उद्यानात. तिथे ना जीप, ना गाइड, ना ड्रायव्हर. गाडी भाड्याने घ्यायची, स्वतः चालवायची, पाणवठ्याशी इंजिन बंद करून बसायचं आणि काय येतं ते बघायचं. नियम मोजके पण कडक. सूर्योदयाला गेट उघडतं, सूर्यास्ताला बंद होतं, आणि मधल्या वेळात, कुंपण घातलेल्या दोन-चार जागा सोडल्या तर, गाडीचं दार उघडायचं नाही.

लोक अशा सहलीची तयारी महिनाभर करतात. काका दोन वर्षं करत होते.

तिकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. पुण्यात निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात काय अवघड, असं आपल्याला वाटेल. त्यांना वाटलं नाही. त्यांनी इंग्लंडहून एक जुनी, उजव्या स्टिअरिंगची गाडी बोटीवर घालून आणली आणि ती हॉलंडच्या रस्त्यांवर चालवायला लागले. त्यामुळे पार्किंगचं तिकीट काढायचं तर मशीन माझ्या बाजूला. पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायचं तर डोकं बाहेर काढून समोरचं बघण्याचं काम माझं. एकदा पोलिसाने थांबवलं आणि माझ्याच खिडकीवर टकटक करून लायसन मागितलं. मी मांडीवर पत्रकाची प्रुफं पसरून बसले होते. मी म्हटलं, गाडी ते चालवतायत. पोलिसाने वाकून पलीकडे बघितलं. काकांनी इंजिन बंद केलं आणि त्याला डचमध्ये सावकाश समजावलं की पोलीस दिसला तर इंजिन बंद करायचं असतं आणि हत्ती दिसला तर रिव्हर्स टाकायचा असतो, दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून सराव चाललाय. पोलिसाने आम्हाला जाऊ दिलं. शेवटी त्याने मलाच 'काळजी घ्या' म्हटलं.

घरात संत्रं आणायला बंदी होती, कारण संत्र्याचा वास हत्तीला लांबून येतो. माझं लाल जॅकेट त्यांनी कपाटात सगळ्यात मागे ढकललं. धपाटे किती दिवस टिकतात ते बघायला त्यांनी भर उन्हात गाडीच्या डिकीत ते ठेवून दिले, आणि पाचव्या दिवशी एक स्वतः खाऊन दोन दिवस झोपून होते. कच्च्या रस्त्यावर टायर फुटतात म्हणून घरासमोर गाडी लावून स्टेपनी बदलायचा सराव. समोरची डच आजी खिडकीत बसून वेळ लावायची आणि बोटांनी खुणा करून मिनिटं सांगायची. चौदा मिनिटांच्या खाली आले त्या दिवशी तिने केक आणून दिला.

एकदा माझ्या खोलीच्या दाराशी एक पाकीट ठेवलेलं सापडलं. बायकांना गाडीत बसल्या बसल्या लघवी करता यावी म्हणून रबराचं एक नरसाळं मिळतं, ते. सोबत चिठ्ठी: 'कृपया वापरून पाहणे व उपयुक्त आहे का ते कळवणे. चर्चा नको.' मी हसून हसून लोळले. मग चमकले. यांना कशाला हवंय हे?

तेव्हा कळलं की मुलगी जाणार आहे बरोबर. लांब उत्तरेला, फ्रीसलंडमध्ये, ती गुरांची डॉक्टर होती. इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, वाचता येत नाही, उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये. वर्षातून एकदा, वडिलांच्या वाढदिवसाला, तिचा एका शब्दाचा मेसेज यायचा. गेंड्याचं नाव काढल्यावर ती हो म्हणाली होती. दोघांची विमानाची तिकिटं निघाली होती.

दुसरं पत्रक मला काढायचं होतं ते या विमानांवरून. दोन माणसं हत्ती बघायला अर्ध्या पृथ्वीवरून उडत जाणार आणि तो धूर हत्तींच्याच डोक्यावर बसणार, असा माझा मुद्दा होता, आणि तो आजही बरोबर आहे. जेवताना मी त्यांना तो अर्धा तास ऐकवला. फेलुवेचं जंगल घरापासून वीस मिनिटांवर आहे, तिथे हरणं आहेत, डुकरं आहेत, तिथे का नाही जात? त्यांनी कोशिंबीर वाढून घेतली. "फेलुवेत गाडीतून उतरता येतं," ते म्हणाले. मला वाटलं, म्हातारा ऐकतच नाहीये.

तालीम मात्र ते फेलुवेतच घ्यायचे. तालीम हा त्यांचा शब्द. दर शनिवारी जंगलाच्या कडेला गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. सुरुवातीला अर्धा तास, मग एक, मग तीन. काचा दोन बोटं खाली. दार उघडायचं नाही. मी पहिल्या दोन शनिवारी भांडून उतरले. तिसऱ्या शनिवारी उतरले नाही. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं होतं. आमच्या बैठकांमध्ये सगळे एकदम बोलतात.

ऑगस्टातला शनिवार होता. माळरान जांभळं झालं होतं. तास-दीड तास झाल्यावर एक रानडुकरीण पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडून गेली. सगळी पिल्लं झाडीत गेली आणि काका समोर बघत, माझ्याकडे मान न वळवता, बोलायला लागले.

"तुझ्या आईने मला शपथ घातली होती."

माझी आई नागपुरात ठणठणीत आहे. त्याच सकाळी तिने मला फोनवर झापलं होतं. मी 'काय?' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचे हात बघितले. स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मग कळलं की डाव्या सीटवर मी नव्हतेच. दोन वर्षं ज्या गोष्टीची तालीम चालली होती ती ही होती.

ते थांबत थांबत बोलले. मुलगी तेव्हा उट्रेख्तला शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा तीन आठवड्यांवर. काकूंच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आजार शेवटच्या टप्प्यावरचा निघाला. काकू म्हणाल्या, तिची परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नाही. काका म्हणाले, सांगू या. काकूंनी त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, तीनदा विचारलं की मुलीला कल्पना आहे ना? तिन्ही वेळा काका हो म्हणाले. मुलगी रोज फोन करायची. आई झोपलीये. आई अंघोळीला गेलीये. आई शेजारी गेलीये. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी फोन हातात घेतला होता, नंबर लावला होता, पण पलंगावरून काकूंनी हात हलवून नको म्हटलं. शेवटचा पेपर राहिलेला असताना काकू गेल्या.

मुलीने वडिलांना एकच प्रश्न विचारला होता, कोणी ठरवलं हे? काका म्हणाले होते, मी.

"नुकत्याच गेलेल्या बाईवर ढकलू?" त्यांनी आता काचेला विचारलं. "नऊ वर्षं नाही ढकललं. पण आता नाही सहन होत गं."

आपल्याकडे हे घराघरात होतं. परीक्षा आहे, आजी गेल्याचं सांगू नका. इंटरव्ह्यू आहे, बाबांचं ऑपरेशन कळू देऊ नका. आणि याला आपण प्रेम म्हणतो. माझ्या अंगाचा भडका उडाला होता. मी विचारलं, हे तुम्ही तिला आज फोन करून का सांगत नाही?

"फोन ठेवून देता येतो."

"मग घरी बोलवा."

"घरातून उठून जाता येतं. नऊ वर्षांत तीनदा आली. तिन्ही वेळा विषय निघाला आणि उठून गेली."

"आणि तिथे?"

"तिथे सिंह असतात, पत्रकबाई."

मला हसू आलं नाही. मला ती मुलगी दिसत होती. गेंडा बघायला म्हणून गाडीत बसलेली, दारं बंद, बाहेर सिंह, आणि तिला न विचारता तिच्यावर पुन्हा एकदा काहीतरी ठरवलं जातंय. मी हे तोंडावर बोलून दाखवलं. म्हटलं, तुम्ही जे तेव्हा केलंत तेच पुन्हा करताय. त्यांनी गाडी सुरू केली. घरी येईपर्यंत ओव्हरटेक केलं नाही.

निघायला दोन आठवडे असताना मुलगी आली. गाडी तीही चालवणार होती, तिच्या परवान्याची प्रत द्यायची होती. काका टायरमध्ये हवा भरायला गेले होते. ती माझ्याशी स्वयंपाकघरात बोलत बसली. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ कसा बोटासारखा वळतो ते तिने स्वतःच्या ओठाने करून दाखवलं. मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. आणि मला वाटलं, हिला माहीत असायला हवं. हिचा हक्क आहे.

मी सांगितलं. म्हटलं, ते तुला प्राणी दाखवायला नेत नाहीयेत. गाडीतून उतरता येत नाही म्हणून नेतायत. तुझ्या आईबद्दल बोलायचंय त्यांना.

काय बोलायचंय ते मी सांगितलं नाही. ते त्यांचं होतं. एवढं तारतम्य दाखवलं याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं. तिने चहाचा कप बाजूला सरकवला. मग इंग्रजीत, सांगितलंस ते बरं झालं, असं म्हणाली, परवान्याची प्रत पुन्हा पिशवीत घातली आणि काका यायच्या आत निघून गेली. मी तासभर खूश होते. जे नऊ वर्षांत कोणी केलं नाही ते मी एका कप चहात केलं होतं.

तिचा मेसेज संध्याकाळी आला. ती येणार नव्हती, कारण लिहिलं नव्हतं. काकांनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, तू काही बोललीस? मी म्हटलं, हो, आणि काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. मी खोटं बोलत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मी सांगणारच होतो," ते म्हणाले. "जागा सापडायला नऊ वर्षं लागली."

त्यांनी घर सोड म्हणायला हवं होतं. मी बॅग भरायला तयार होते. ते म्हणाले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, माझ्याजवळ उत्तरं होती. पुढचे दोन शनिवार ते एकटेच तालमीला गेले. मी बरोबर नामिबियाला यायचीही तयारी दाखवली, विमानात बसून, माझं सगळं लिखाण गुंडाळून. नको म्हणाले. धपाटे तेवढे मी थापून दिले.

सप्टेंबरअखेर परत आले तेव्हा वाळले होते आणि त्यांच्या बुटांच्या शिवणीत पांढरी धूळ बसली होती. ती तिथल्या मिठाच्या जमिनीची असते. हत्तीसुद्धा ती अंगावर उडवून पांढरे होतात, त्यांनी सांगितलं. सगळं ठरल्यासारखं झालं होतं, स्टेपनी एकदाच लागली. मी विचारत नव्हते. चौथ्या-पाचव्या दिवशी, मुगाची डाळ निवडताना, ते आपण होऊन म्हणाले की बोलून आलो.

पाणवठ्यावर दुपारची वेळ होती, दुसरी गाडी नव्हती. काचा दोन बोटं खाली. त्यांनी डाव्या, रिकाम्या सीटला सगळं सांगितलं, मोठ्याने, पहिल्यापासून. मधे थांबले नाहीत. एक हत्ती पाणी पीत होता, त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी म्हटलं, मग आता तिला सांगा. एकदा बोललात, आता सोपं जाईल.

त्यांनी मान हलवली. "बोलताना मी ऐकलं ना स्वतःला. ती समोर असती तर तिच्याकडे बघत बोलून गेलो असतो. तिथे कोणीच नव्हतं, म्हणून नीट ऐकू आलं. एक माणूस मेलेल्या बायकोवर ढकलतोय, असंच ऐकू आलं. पंधरा मिनिटं ढकलत होता." डाळीतला खडा त्यांनी बाजूला काढला. "तिला एक आई तरी चांगली राहू दे."

मी वाद घातला. खरं ते खरं, त्यात ढकलणं कुठे आलं, वगैरे. पण तो वाद मी कोणत्या तोंडाने घालत होते ते मला कळत होतं. त्या सीटवर कोणी नव्हतं ते माझ्यामुळे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी मुलगी न सांगता आली. मी आत पिठलं करत होते, मधलं दार उघडं होतं. ती सोफ्यावर बसली. काकांनी तिला फोटो दाखवले, तिने गेंड्याचा ओठ मोठा करून बघितला. मग फोन खाली ठेवून तिने इंग्रजीत विचारलं की तुला मला तिथे काय सांगायचं होतं? आता सांग, मी उठून जाणार नाही.

काकांनी वर बघितलं, तिच्याकडे नाही, माझ्याकडे. दटावल्यासारखं नाही. हात जोडावेत तसं. चार पावलांवर मी उभी होते, हातात पळी होती, आणि मला सगळं ठाऊक होतं. शपथ, डोक्यावरचा हात, पलंगावरून हललेला हात. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. एखादा अनोळखी माणूस असा गप्प राहिलेला मी पाहिला असता, तर त्याच्यावर चार पानं लिहिली असती.

"काही नाही गं," काका म्हणाले. "आईची आठवण काढत बसायचं होतं दोघांनी. एवढंच."

मग ती मराठीत बोलली. मी तिला मराठी बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शब्द जुळवून आणले होते, गाडी चालवत येताना दोन तास घोकले असावेत.

"बाबा, आईचं तू जे केलंस ना. मी तुला माफ केलं."

मी काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, राग, निदान एक आवंढा. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि विचारलं, जेवून जाशील ना, पिठलं आहे.

ती हो म्हणाली. मी पळी ठेवली, आणखी एक ताट काढलं आणि भात वाढायला घेतला.